न सांगता जाणारे चाचा

चाचा कुठल्याही संस्थेत गेले की आधी स्वयंपाकघरात शिरत. संचालक खुर्ची पुढे करायचे तोवर यांनी भाजीच्या पातेल्यावरचं झाकण उचललेलं असायचं.

शहागंजातल्या आम्हा व्यापाऱ्यांची एक मदत समिती आहे. वर्षाला एकाच संस्थेचा खर्च उचलायचा, असा तिचा नेम. अर्ज बरेच यायचे, पण निवड व्हायची ती चाचांच्या शब्दावर. चाचा एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. ते अर्ज वाचतच नसत. जेवणाच्या वेळी, न कळवता, त्या संस्थेत जाऊन पोरांच्या पंगतीत बसत. कोणत्या दिवशी कुठं जाणार हे दोघांनाच ठाऊक असे, त्यांना आणि चिटणीस म्हणून मला.

एकदा मी म्हटलं, "चाचा, कळवून गेलात तर निदान गरम जेवण मिळेल."

"बेटा, अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शननंतर अम्मीचं बोट धरून मी खिचडीच्या लायनीत उभा राहिलोय. साहेब बघायला यायचा त्या दिवशी खिचडीत तूप असायचं. साहेब गेला की पाणी." मग हसून म्हणाले, "मला पाणीवाली खिचडी बघायचीय."

त्या वर्षी सिल्लोडच्या एका बाईंचा अर्ज होता. नोकरीतून निवृत्त झालेल्या परिचारिका. भाड्याच्या दोन खोल्यांत अकरा मुक्या-बहिऱ्या मुलांना सांभाळत. पेन्शन पुरत नव्हती, घरमालक खोल्या सोडा म्हणत होता. अर्ज द्यायला आल्या तेव्हा जिना चढून त्यांना धाप लागली होती. मला फार वाईट वाटलं. वाटलं, आपल्या हातून एवढं तरी व्हावं. मी हळूच म्हणालो, "बाई, मंगळवारी आमचे चाचा येतील. जरा नीटनेटकं ठेवा."

बाईंनी ठेवलं. शेजारच्या मंडपवाल्याकडून सतरंज्या आणि स्टीलची ताटं आणली. पोरांना शेजाऱ्यांच्या मुलांचे कपडे घातले. पुरी, बटाट्याची भाजी आणि जिलबी केली.

चाचा परतले ते बैठकीत उभं राहूनच बोलले. "मी जिलबी खाऊन आलो. पोरांच्या अंगावर चांगले कपडे हायेत. बाई भली हाय, पण तिला देणारे हायेत. दुसरीकडं पोरं पाण्यात भाकर बुडवून खातात, तिथं द्या."

"चाचा, आमच्यासाठी दोन जिलब्या बांधून तरी आणायच्या!" एक कापडवाले म्हणाले. सगळे हसले. मी इतिवृत्त लिहीत होतो. एक वाक्य बोललो असतो तर निकाल फिरला असता. पण चिटणीसपद गेलं असतं, चाचांच्या नजरेतून उतरलो असतो. मी लिहीतच राहिलो.

चार-पाच महिन्यांनी चाचा एका लग्नाला अजिंठ्याला गेले. येताना सिल्लोडला उतरले. खोल्यांना कुलूप होतं. मंडपवाल्यानं सांगितलं, बाई मुलांना कुठंकुठं पोचवून भावाकडे निघून गेल्या. काही मुलं नातेवाइकांनी नेली, दोघांना न्यायला कुणी आलंच नाही. आणि हेही सांगितलं, की तुम्ही आलात त्या दिवशीच्या सतरंज्या माझ्या होत्या.

चाचा तडक माझ्या दुकानात आले. पाणीही घेतलं नाही.

"तिला कसं कळलं, मी येणार म्हणून? तू बोलला होतास का?"

"नाही, चाचा."

ते दुकानाच्या पायरीवर बसले. "तू म्हणतोस तर नसंल. मंग दुसरा कुणी पाहुणा यायचा असंल तिच्याकडं. आन् मी तिला एक सवालबी नाय केला. जिलबी खाऊन उठलो."

त्यानंतर ते कुठल्याच संस्थेत गेले नाहीत. विनवण्या केल्या तर म्हणत, "आंधळ्याला कशाला पाठवता?" मग आम्ही छापील अर्ज काढले, रकान्यांना गुण ठरवले. आज मी समितीचा अध्यक्ष आहे. जास्त गुणांची संस्था निवडतो. पातेल्यावरचं झाकण उचलायला कुणी जात नाही.

चाचा गेल्या हिवाळ्यात वारले. दफनविधीनंतर त्यांच्या थोरल्यानं माझा हात धरला. "अब्बा आखिर तक एकच बोलायचे, अंकल. अल्लाने माझ्याकडून एकच काम घेतलं, आन् त्यातच मी चुकलो."

लोक पांगले होते. आम्ही दोघेच उभे होतो. सांगायला भरपूर वेळ होता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि घरी आलो.