भिवापूरची सोयरीक आणि माझा पॅलिओ डबा

भिवापूरला जायचं ठरलं ते पल्लवीमुळे. पल्लवी माझी मुलगी. तिचं आणि तिच्याच ऑफिसातल्या निखिलचं आपसात जमलं होतं. मोठ्यांनी एकमेकांची घरं पाहायची तेवढी बाकी होती. निखिलचे वडील वासुदेवराव भिवापूरचे मिरचीचे व्यापारी. ते आमच्याकडे येऊन, चहा-पोहे घेऊन, घर न्याहाळून गेले होते. आता आमची पाळी.

बाहेरगावच्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. आमच्या नात्यागोत्यात मुलाचं घर पाहायला गेलेली माणसं तिथे जेवली, की घर पसंत. पसंत नसेल तर पाणी प्यायचं, गाडीचं निमित्त सांगायचं आणि उठायचं. तोंडानं कुणी नाही म्हणत नाही, त्यामुळे पुढे बाजारात समोरासमोर आलो तरी हसता येतं.

आणि मी तर कुणाकडेच जेवत नाही.

हे माझा ब्लॉग वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. नव्यांसाठी थोडक्यात: गहू, डाळ किंवा दूध पोटात गेलं की माझ्या अंगावर पित्त उठतं, पोट फुगतं आणि दुसऱ्या दिवशी बोटांचे सांधे असे धरतात की कापडाचं ठाण उलगडता येत नाही. गोळ्या झाल्या, काढे झाले. शेवटी एका आहारतज्ज्ञ बाईंनी पॅलिओ सांगितलं. म्हणजे शेती सुरू होण्याआधी माणूस जे खात असेल ते: मांस, मासे, अंडी, भाज्या, कंद, फळं, सुकामेवा. धान्य नाही, डाळ नाही, दूध नाही, साखर नाही. शेंगदाणाही नाही, कारण तो डाळींच्या घराण्यातला. मला गुण आला. तुम्हाला येईलच असं नाही, तेव्हा आधी आपल्या डॉक्टरला विचारा. नागपुरात राहून बेसन सोडणं म्हणजे काय, हे तर्री पोहे आणि पातोडीवर वाढलेल्या माणसालाच कळेल.

"फोन करून सांगून टाका ना त्यांना," मंगला, माझी बायको, म्हणाली.

मला ते पटलं नाही. गांधीबागेच्या कापडबाजारात मी दुसऱ्यांचे गठ्ठे डोक्यावर वाहत धंदा शिकलो, मग स्वतःचं दुकान टाकलं. गिऱ्हाइकानं विचारल्याशिवाय ठाणातला डाग दाखवायचा नाही, ही तिथली सवय. शिवाय वासुदेवरावांच्या गळ्यात माळ. त्यांच्या उंबऱ्याच्या आत अंडंसुद्धा येत नाही. तिथे फोन करून मटण खातो म्हणून सांगू?

"सोमवारी जाऊ," मी म्हटलं. "उपवास आहे म्हणीन."

"जन्मात केला काय एक तरी?"

"त्यांना काय माहीत?"

सोमवारी सकाळी मी आणि मंगला निघालो. सक्करदरा, दिघोरी ओलांडलं की उमरेड रोड मोकळा लागतो. फक्त कोळशाचे ट्रक सांभाळायचे. ते डावी-उजवी मानत नाहीत. थंडीत सकाळी धुकं असतं, तेव्हा फार लवकर निघण्यात अर्थ नाही. माझा प्रवासी डबा असा: उकडलेली अंडी, निखाऱ्यावर भाजलेली रताळी, ओल्या खोबऱ्याचे तुकडे, मूठभर अक्रोड आणि काटोलची संत्री. हॉटेलच्या नाश्त्यापेक्षा स्वस्त पडतो आणि कुणाला काही विचारावं लागत नाही. चांपा गावाजवळ झाडाखाली गाडी लावून मी अंडी खाल्ली. मंगलानं शेजारच्या टपरीवरून आलूबोंडा आणला आणि माझ्याकडे पाठ करून खाल्ला. ही तिची नेहमीची दया.

उमरेडला आमच्या जुन्या गल्लीतून गाडी घातली. वडील इथे मागावर बसायचे. आता माग एकाही घरातून ऐकू येत नाही. कुणी खाणीत आहे, कुणी बँकेत, एकाचं मोबाइलचं दुकान चांगलं चालतं. वाईट वाटावं असं काही नाही, सगळ्यांच्या घरांवर पक्के स्लॅब आहेत. बसस्टँडच्या बाहेर मासेमार ढिवरांच्या बाया उकडलेले शिंगाडे घेऊन बसतात. तळ्यातला हा काळा, शिंगं असलेला प्रकार आत पांढरा आणि गोडसर निघतो. चाळीस रुपयांचा वाटा घ्या. माझ्यासारख्यांना वाटेत एवढं सुरक्षित दुसरं काही मिळणार नाही.

उमरेडच्या पुढे रस्ता अरुंद होतो, शेतं जवळ येतात. भिवापूर डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. खळ्यांवर मिरची पसरलेली असते आणि गाडीची काच खाली केली की आधी शिंक येते, मग गाव.

वासुदेवरावांचं घर मोठं, नीट सारवलेलं अंगण, मागे मिरचीचं गोदाम. निखिलची आई तो लहान असतानाच गेली. त्याला वाढवलं त्याच्या आत्यानं, वासुदेवरावांच्या थोरल्या बहिणीनं. घर तीच चालवते, हे पाच मिनिटांत लक्षात आलं. वासुदेवराव काही बोलले की आधी तिच्याकडे बघायचे.

मी पाणी घेतलं आणि ठरलेलं वाक्य टाकलं. "माझं जेवणाचं मनावर घेऊ नका. सोमवार आहे, उपवास असतो."

"महादेवाचा?" वासुदेवरावांचा चेहरा उजळला. "वा. बरीच वर्षं झाली असतीन?"

"बरीच."

"बरं झालं सांगितलं गा भाऊ," आत्या उठत म्हणाली. "तुमचं वेगळं करते. उपाशी थोडंच जाऊ देईन?"

हे माझ्या हिशेबातच नव्हतं. उपवास म्हटला की मराठी घरात माणसाला सोडत नाहीत, उलट जास्त वाढतात. जन्मात कधी न केल्यामुळे ते मला सुचलं नाही.

मंगलापुढे वडाभात, पोळ्या, पातोडीचा रस्सा आला. माझ्यापुढे शेंगदाण्याच्या कुटात लोळवलेली साबुदाण्याची खिचडी, भगर, त्यावर शेंगदाण्याची आमटी, वाटीभर दही आणि पेलाभर साखर घातलेलं दूध. माझ्या आहारतज्ज्ञ बाईंचा कागद समोर ठेवून कुणी मुद्दाम स्वयंपाक केला असता तरी इतका नेमका जमला नसता.

मी ताटाभोवती पाण्याची रेघ ओढली. मग चमचा उचलला. मग रजा टाकून आलेल्या, बाजूला बसलेल्या निखिलला पावसापाण्याचं विचारलं. जानेवारीत.

"काहून थांबले भाऊ?" आत्या म्हणाली. "पसंत नाई काय?"

खोलीतले सगळे जेवायचे थांबले. ती खिचडीबद्दल विचारत नव्हती. मी चमचा भरून घेतला. एका चमच्यानं मरत नाही माणूस, फार तर दोन दिवस दुकानात बसता येणार नाही, असा विचार केला.

"ठेवा तो चमचा," मंगला म्हणाली. मग आत्याकडे वळून, एका दमात: "यांचा उपवास-बिपवास काही नाही. गहू, डाळ, दूध, शेंगदाणा, काहीच यांना सोसत नाही. अंगावर येतं. पॅलिओ म्हणून आहे, तेच खातात. सकाळी चांप्याजवळ अंडी खाऊन आले."

'अंडी' हा शब्द त्या घरात बऱ्याच वर्षांनी उच्चारला गेला असावा. निखिल आपल्या ताटातल्या लिंबाकडे बघत बसला. त्याचे कान लाल झाले होते.

वासुदेवरावांनी हातातला घास खाली ठेवला. "म्हणजे खोटं बोलले तुम्ही."

"हो."

"देवाचं नाव घेऊन."

"हो."

"मंग पोरीचं काय काय झाकून ठेवलं?" आत्यानं विचारलं. आवाज चढवला नाही तिनं. "तिलेही आहे काय हे?"

इथे मी सौदा करू शकलो असतो. पल्लवी ठणठणीत आहे, एवढंच म्हणून गप्प बसता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण एका दुपारी दोनदा पकडला जाणारा व्यापारी बाजारात टिकत नाही, हेही मी गांधीबागेतच शिकलो होतो.

"आजवर तिला काही नाही," मी म्हटलं. "दोन प्लेट तर्री पोहे खाते, वर जिलेबी. पण मलाही तरुणपणी काही नव्हतं. पन्नाशीच्या आसपास सुरू झालं. माझ्या आईच्याही अंगावर असंच यायचं. तेव्हा कारण कुणी शोधलं नाही. पल्लवीला पुढे होईल की नाही, ते डॉक्टरही छातीठोक सांगत नाही."

मंगलानं माझ्याकडे चमकून पाहिलं. माझ्या आईचं सांगायचं आमचं ठरलं नव्हतं.

"हे फोनवर काहून नाई सांगितलं?" आत्या.

"तुम्ही नाही म्हणाल, असं वाटलं."

आत्या उठली आणि माझ्यापुढचं ताट उचलून आत घेऊन गेली. भरलं ताट पाहुण्यापुढून उचललं जाणं म्हणजे काय, हे त्या खोलीत कुणालाही समजावून सांगायची गरज नव्हती. मंगलानं पदर सारखा केला. मीही चपला कुठे काढल्या ते आठवू लागलो.

तेवढ्यात आतून आवाज आला. "वांगं चालते काय?"

"चालतं."

"मिरची?"

"चालते." गुहेतल्या माणसाला भिवापुरी मिरची कुठून मिळणार, पण तेवढी सूट मी घेतो.

"जवसाचं तेल? सांभार? लसूण?"

"सगळं चालतं." सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर.

"मंग उपाशी काहून मरून राहिले बाप्पा!"

निखिल हसला. वासुदेवराव हसले नाहीत, पण त्यांनी खाली ठेवलेला घास उचलला.

मागच्या अंगणात चुलीवर वांगी भाजली गेली. ओला कांदा, लसूण, सांभार, वर मिरचीचा ठेचा. शेंगदाणा नाही. मी वाटी पुसून खाल्लं. पोळीविना भरीत खाणारा माणूस आत्यानं पहिल्यांदाच पाहिला असावा. ती दाराला टेकून शेवटपर्यंत बघत राहिली. तिखटानं माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्या वेळी ते सोयीचंच होतं.

निघताना वासुदेवराव गाडीपर्यंत आले. मिरचीची एक पुडी दिली. म्हणाले, "विचार करून कळवतो."

गांधीबागेत 'कळवतो' म्हणजे काय, हे मी कित्येक गिऱ्हाइकांकडून ऐकलं आहे. त्यातली परत आलेली फार थोडी.

परतीला उमरेडमध्ये एका सावजी भोजनालयात थांबलो. मटण आहे म्हणजे आपलंच जेवण, अशी चूक पॅलिओवाले हमखास करतात. मी आचाऱ्याला विचारलं, "रस्सा दाट कशानं करता?"

"डाळव्यानं. नाई तं काय सिमेंटनं करू?"

डाळवा म्हणजे भाजलेली चणाडाळ. तेव्हा रस्सा नको, सुकं मागा, आणि मसाल्यात पीठ आहे का ते विचारूनच तोंडात घाला. बिल चारशेच्या आत झालं. म्हणजे माझंच; मंगलानं पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

"तुमच्या आईचं सांगायला नको होतं," ती म्हणाली.

"विचारलं त्यांनी."

"पोरीचं विचारलं होतं. तुमच्या आईचं नाही." पाण्याचा पेला खाली ठेवून म्हणाली, "खोटं बोलायचं तेव्हाही मला विचारत नाही, खरं बोलायचं तेव्हाही नाही."

मी सुकं संपवलं.

घरी पल्लवीनं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही, तेच जड गेलं. "निखिल म्हणतो आत्या ठरवेल," एवढं बोलून ती आपल्या खोलीत गेली. पुढच्या आठवड्यात तिनं दोनदा तर्री पोहे मागवले आणि दोन्ही वेळा अर्धे ठेवले.

आता तुमच्यापैकी कुणी या रस्त्यानं जाणार असेल तर: सकाळी निघून संध्याकाळी सहज परतता येतं. थंडीत जा, मिरचीची खळी तेव्हाच भरलेली असतात. डबा घरून न्या. आणि पाहुणे म्हणून जाणार असाल तर पथ्य आधी फोनवर सांगा, सगळं सांगा. थोडा वेळ अवघड जातं. उपवासाचं नाव मात्र काढू नका.

अंगावर काही उठलं नाही, पोट शांत राहिलं. प्रवास म्हणून तो दिवस यशस्वी म्हणायला हरकत नव्हती. तरी मी तो इथे लिहायला घेतला नाही. काय लिहायचं ते 'कळवतो'वर अडलं होतं.

काल दुपारी दुकानात फोन वाजला. अनोळखी नंबर.

"मी निखिलची आत्या बोलून राहिली. एक सांगा गा भाऊ, स्वागत समारंभ आमच्या दारी राहीन. एवढ्या पंगतीत तुमचं ताट कोणतं, ते आमच्या आचाऱ्याले कसं समजन? काय काय चालत नाई ते नीट सांगा. निखिल लिहून घेऊन राहिला."

समोर गिऱ्हाईक ठाण उलगडून बसलं होतं. मी त्याला हातानं थांबायची खूण केली, खुर्चीवर टेकलो आणि गव्हापासून सुरुवात केली. एकही पदार्थ गाळला नाही.