म्हाळूबाबांचे गुडघे आणि माझा फुकटचा फोटो

दिवाळीचा फराळ संपत आला होता आणि यंदा कुठे जायचं यावर घरात वाद चालू होता. तेवढ्यात मला एक निरोप आला आणि वाद मिटला. निरोप असा होता: ‘नमस्कार. मुकुंदवाडीत गुडघेदुखीच्या तेलाचा बोर्ड लागलाय. खाली बारीक अक्षरात तुमचं नाव आहे, त्यावरून तुम्हाला शोधलं. बोर्डावर माझे सासरे आहेत. त्यांचे गुडघे दुखत नाहीत. एकदा येऊन जा. सुनीता, फुलंब्री.’

थोडं मागचं सांगतो. मी हौशी फोटोग्राफर. नोकरी सांभाळून रविवारी फोटो काढतो आणि मुक्त परवान्याने इंटरनेटवर टाकतो. कोणीही वापरा, पैसे नकोत, फक्त खाली माझं नाव द्या, एवढीच अट. बायको याला लष्करच्या भाकऱ्या भाजणं म्हणते. दोन वर्षांपूर्वी अजिंठ्याला जाताना फुलंब्रीच्या पुढे मी गाडी थांबवून एका मेंढपाळाचा फोटो काढला होता. लाल पटका, खांद्यावर घोंगडी, एक हात काठीवर, दुसरा गुडघ्यावर. खाली मी लिहिलं, ‘थकलेला वृद्ध मेंढपाळ’. मोठी करुण छटा टिपली म्हणून आठवडाभर स्वतःवर खूष होतो.

नाशिकहून शनिवारी सकाळच्या गाडीने निघालो. छत्रपती संभाजीनगरला उतरलो तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. शहागंजाच्या बाजूला नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खाल्ला. (जाणार असाल तर दुपारी लवकर जा, उशिरा खलिया संपतो आणि नुसता नान उरतो.) मग शेअर रिक्षाने मुकुंदवाडी. सुनीता तिथे एका शिवणकामाच्या कारखान्यात कामाला आहे आणि रोज फुलंब्रीहून ये-जा करते. ती रेल्वे स्टेशनच्या रस्त्यावर वाट बघत उभी होती. तिने वर बोट केलं.

दोन मजली उंचीचा, मी काढलेला फोटो होता. असं भाग्य कोणाला मिळतं? तिच्या सासऱ्यांच्या, म्हाळूबाबांच्या गुडघ्याभोवती लाल गोल काढलेला, त्यातून विजेच्या ठिणग्या निघत होत्या, आणि अगदी खालच्या कोपऱ्यात माझं नाव. माझी अट इतक्या प्रामाणिकपणे कोणी पाळल्याचं मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यामुळे भांडायलाही जागा उरली नव्हती.

“भाऊ, हसण्यावारी नेऊ नका,” सुनीता म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. दिवाळी झाली की म्हाळूबाबा फुलंब्रीजवळच्या त्यांच्या वाडीतल्या पाच-सहा घरांच्या मेंढ्या एकत्र करतात आणि चार-पाच महिने रानोमाळ चारायला नेतात. वाटेत शेतकरी त्यांच्या वावरात मेंढ्या बसवून घेतात, खत होतं म्हणून. वाडीचा निम्मा कळप नामदेव नावाच्या शेजाऱ्याचा. हा नामदेव कामानिमित्त शहरात आला, त्याने बोर्ड बघितला आणि परत जाऊन जाहीर केलं की बाबांचे गुडघे गेले, यंदा मेंढ्या देता येणार नाहीत. बाकीची घरंही मग विचारात पडली. निघायला आठवडा राहिला होता आणि बाबांच्या मेंढवाड्यात फक्त त्यांच्या स्वतःच्या अकरा मेंढ्या होत्या. त्याच रात्री मी तेलवाल्यांना पत्र लिहिलं.

रविवारी सकाळी मध्यवर्ती बसस्थानकावरून फुलंब्रीची एसटी पकडली. हर्सूलपर्यंत गर्दी, पुढे रस्ता मोकळा, तासाभरात फुलंब्री. तिथून दहा जणांच्या काळी-पिवळी जीपमध्ये बारावा होऊन वाडीवर पोचलो. म्हाळूबाबा ओसरीवर बसले होते. वय सत्तरीच्या आसपास. मी माफी मागायचं भाषण एसटीत पाठ केलं होतं, ते त्यांनी दुसऱ्या वाक्यालाच थांबवलं.

“पायात काटा मोडला व्हता,” ते म्हणाले. “त्यो काढाया वाकलो. तुमी इचारलं असतं तर सांगितलं असतं.”

मला खरंच लाज वाटली. फोटो काढून टाकतो म्हणालो, पण एकदा मोकळा सोडलेला फोटो वापरणाऱ्यांकडून परत घेता येत नाही हेही कबूल केलं. तेलवाल्यांना पत्र लिहिलंय, तेही सांगितलं. बाबांना पत्रात काही रस नव्हता. त्यांनी सुनेला नामदेवला बोलवायला पाठवलं आणि मला म्हणाले, चला, मेंढ्या माळावर न्यायच्यात. किती लांब, असं मी विचारलं.

“हे काय, इथंच हाय.”

वाचकहो, गावाकडच्या ‘इथंच’ला माप नसतं. पहिला ओढा, मग काट्याकुट्यांची चढण, मग दुसरा ओढा. बाबा पुढे, मेंढ्या मध्ये, मी मागे आणि माझ्याही मागे नामदेव, तपासनीसासारखा हात पाठीवर बांधून. पहिल्या टेकाडावर बाबांनी माझी कॅमेऱ्याची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली. दुसऱ्यावर माझी पाण्याची बाटलीही घेतली. तिसरं टेकाड दिसताच मी एका दगडावर बसलो आणि दोन्ही गुडघे चोळू लागलो. बाबा वर जाऊन, एक चुकार कोकरू काखेत मारून परत खाली आले. त्यांना साधा दमही लागला नव्हता.

नामदेवने बाबांकडे बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडे बघितलं.

“उद्याच मेंढ्या आणून सोडतो, बाबा,” तो म्हणाला. “बोर्डावर ह्यांला लावाया पायजे व्हतं.”

बाबा हसले नाहीत. ते बॅग उघडून कॅमेरा बाहेर काढत होते. कुठलं बटण दाबायचं ते विचारून घेतलं, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि कॅमेरा खाली धरून म्हणाले, “काढू का?”

इतकी वर्षं फोटो काढतोय, शेकडो माणसं टिपली, पण हे दोन शब्द मी एकालाही विचारले नव्हते. काढा म्हणालो. फोटो कोणाच्या मालकीचा, हे त्यांनी नंतर खोदून विचारलं. ज्याने काढला त्याचा, असं मी सांगितल्यावर त्यांनी क्षणभर विचार केला आणि आपली अट सांगितली. पैसे नकोत, कोणीही वापरा, नाव मात्र म्हाळूचं टाकायचं.

घरी आल्यावर आधी माझा जुना मजकूर बदलला: ‘पायातला काटा काढताना मेंढपाळ म्हाळूबाबा. गुडघे ठणठणीत.’ मग त्यांनी काढलेला फोटो त्यांच्या नावाने टाकला. थोडा तिरका आलाय, पण माझा चेहरा त्यात जितका खरा आहे तितका लग्नाच्या अल्बममध्येही नाही. सोमवारी सगळ्या मेंढ्या आल्या आणि ठरल्या दिवशी बाबा निघाले, असं सुनीताने कळवलं. बोर्डही उतरला म्हणाली. आता मी कॅमेरा उचलायच्या आधी विचारतो. निम्मे लोक नको म्हणतात, त्यामुळे माझे रविवार बरेच मोकळे झालेत.

गेल्या आठवड्यात ऑफिसात गेलो तर टेबलावर कोणीतरी गुडघेदुखीच्या तेलाची बाटली ठेवलेली. कोणत्याशा आरोग्यविषयक पानावर ‘चाळिशीनंतरची सांधेदुखी’ नावाचा लेख आला होता आणि वर माझा गुडघे चोळतानाचा फोटो होता. खाली नीट लिहिलं होतं, ‘छायाचित्र: म्हाळूबाबा, फुलंब्री’. माझे गुडघे दुखत नाहीत असं मी दिवसभर सगळ्यांना सांगत होतो, पण कोणी ऐकेना. तक्रार तरी कोणाकडे करणार? बाबांनी तर विचारून काढला होता.