आठपर्यंत दार उघडलं नाही तर

गावात चोरी झाली की खरा चोर सापडेपर्यंत एकच चोर असतो, आणि तो म्हणजे किल्लीवाला! बावीस वर्षं बाजाराच्या कोपऱ्यावर टेबल मांडून हा माणूस लोकांना किल्ल्या करून देतोय. कुणाच्या सुईलाही कधी हात लावला नाही. पण मागच्या गल्लीत एक कपाट फुटलं आणि दुसऱ्याच दिवशी घरमालक दारात. "माझा तुमच्यावर संशय नाही हो. पण महिनाअखेर खोली सोडा." चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

बायकोला आठवा महिना लागलेला. गाव ते केवढं! तीन घरं पाहिली, तिन्हीकडे धंदा विचारला आणि तिन्हीकडे "आमच्याकडे पाहुणे येणार आहेत" असं उत्तर आलं. एवढे पाहुणे या गावात आजवर कधी उतरले नसतील. तान्हं मूल घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं, हा विचार किल्लीवाल्याची पाठ सोडेना.

चौथं घर एका निवृत्त मास्तरीणबाईंचं. खाली बाई एकट्या, वर दोन खोल्या रिकाम्या. दोघं ते बघायला निघाली तेव्हा बायकोने बजावलं, "काम विचारलं तर हार्डवेअरचं म्हणा. आणि बोलू नका फार. तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही."

तोंडाने तो बापडा एक शब्द बोलला नाही. घोळ घातला तो हातांनी. धापा टाकत जिना चढून बाई वरच्या दाराशी पोचल्या आणि पर्स उपसू लागल्या. रुमाल निघाला, चष्मा निघाला, गोळ्या निघाल्या, किल्ली काही निघेना. "खालीच राहिली वाटतं. आता या गुडघ्यांनी पुन्हा जिना..." बाईंचे सुजलेले गुडघे पाहून त्याला वाईट वाटलं, बस्स. खिशातली तार कधी बाहेर आली आणि कुलपात कधी गेली, त्याचं त्याला कळलं नाही. खट्! "घ्या बाई," तो हसून म्हणाला, आणि बायकोचा चेहरा पाहून त्याला घाम फुटला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

बाईंनी कुलपाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "बाजारातले किल्लीवाले ना तुम्ही?"

"हो," तो म्हणाला.

"माझं खालचं दारही असंच उघडाल? आतून किल्ली लावलेली असली तरी?"

"उघडेन... म्हणजे उघडता येतं, पण शपथेवर सांगतो बाई, मी कधी कुणाचं—"

"किती वेळात?"

"पाच मिनिटं." बायकोने कपाळावर हात मारून घेतला.

बाई पायरीवर बसल्या. "माझी ताई एकटी राहायची. घरात पडली. तीन दिवस कुणाला पत्ता नाही. डॉक्टर म्हणाले, त्यातले दोन दिवस ती जिवंत होती." "चोरांच्या भीतीने मी आतून किल्ली लावून ती तशीच ठेवते, मग बाहेरून दुसरी चालत नाही. आणि दार लावलं की ताई आठवते. मरणाला मी भीत नाही हो. तसं पडून राहायला भिते."

मग छापील कराराच्या खाली बाईंनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली: सकाळी आठपर्यंत खालचं दार उघडलं नाही, तर भाडेकरूने ते उघडून आत यावं. दोघांनी सह्या केल्या.

घर मिळालं, पण भीती काही सुटली नाही. समोरचा इस्त्रीवाला येता-जाता याच्या पिशवीकडे बघायचा. "म्हातारीने चोराच्या हाती जामदारखाना दिला," हे गावभर झालं. रोज सातच्या सुमाराला खालचं दार वाजलं, की मगच किल्लीवाला चहा तोंडाला लावायचा.

बाराव्या दिवशी आठ वाजले तरी दार वाजलं नाही. तो खाली गेला, हाका मारल्या. उत्तर नाही. समोर इस्त्रीवाल्याचा हात कपड्यावरच थांबला होता. बाई नुसत्या झोपल्या असतील तर? आणि नसतील तर? आत मेलेली म्हातारी, दारात तार घेतलेला मी! कागद दाखवेपर्यंत लोक थांबतात थोडेच? तो मागे फिरला आणि जिना चढून वर आला.

"उघडलंत?" बायकोने विचारलं.

"लोक बघतायत गं. आत काही झालं असेल तर माझ्यावरच येईल."

"आत काही झालं असेल म्हणूनच उघडायचंय ना? चला, मी येते!" पोट सावरत ती खाली उतरली आणि रस्त्याकडे तोंड करून कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. बघा म्हणावं काय बघायचं ते!

बावीस वर्षांत त्याच्या हातून तार कधी सुटली नव्हती. आज दोनदा सुटली. अखेर आतली किल्ली फरशीवर पडली आणि दार उघडलं.

बाई स्वयंपाकघराच्या दाराशी पडल्या होत्या. पाय वाकडा झालेला, ओठ सुकलेले, डोळे उघडे. तो धावत जाऊन शेजारी बसला. "बाई! बाई, मी आलोय!"

"मघाशी आला होतात ना," बाई कशाबशा म्हणाल्या. "हाका ऐकल्या तुमच्या. ओ द्यायला आवाज फुटेना. आणि मग पावलं परत वर गेलेली ऐकली मी."