कॅमेऱ्यातलं कुंकू

हातानं फोकस करायचा, रोलचा जुना कॅमेरा घ्यायचा म्हणून मी अमरावती-अकोल्यातले बंद पडलेले फोटो स्टुडिओ पालथे घातले. कॅमेरा धडधाकट दिसायचा, पण लेन्स फिरवली की कचकच. आत कुंकू! दर दसऱ्याला पूजा केलेली. चौथ्यांदा तेच झाल्यावर अकोल्यातल्या म्हाताऱ्या स्टुडिओवाल्यावर मी भडकलोच. तो शांतपणे म्हणाला, "ज्याच्यावर घर चाललं, त्याले कुंकू नाही लावायचं त कोणाले लावायचं बाप्पा?"

शेवटी मोर्शीत एक स्वच्छ कॅमेरा सापडला, दोन लेन्सांसकट. दसऱ्याच्या सकाळी आंघोळ करून बाहेर आलो, तर तो देवापुढं मांडलेला आणि आईचं लाल बोट लेन्सवर. मी ओरडलो. ती वळूनही न बघता म्हणाली, "थांब ना, अक्षता राह्यल्या."