साताऱ्यात वर म्हणजे किल्ला

मदन, हे तुझ्यावरच लिहिते आहे. आधी तुलाच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून फोनवर कुरकुर नको. तुझ्या साताऱ्याच्या नकाशाची हकीकत प्रत्येक लग्नात कुणीतरी सांगतं आणि प्रत्येक जण चुकीची सांगतो. तूही त्यात मीठमसाला घालतोस. तेव्हा आता तू गप्प बस. मी मदनची गोष्ट बाकीच्यांना सांगते, आणि तीत मीसुद्धा नुसती मदनची मावशी.

तर मदन मगदूम सांगलीचा. वडील बाळासो यांची हळदीची अडत. पोरगा डिप्लोमा झाला, पण त्यांच्या लेखी तो पेढीवर बसण्याआधीचा वेळकाढूपणा. हळदीच्या धुळीनं मदनला शिंकांवर शिंका येत. हे कारण बाळासोंना कारणच वाटत नसे. सत्त्याण्णव साली धवल शहा नावाच्या इंजिनियरनं सांगलीत संगणकावर नकाशे करायचं ऑफिस काढलं आणि मदन तिथं उमेदवारीवर चिकटला. बाळासोंनी बजावलं, "दिवाळीपर्यंत कायम झालास तर झालास. न्हाईतर पाडव्याला पेढीवर यायचं, शिंकत का हुईना."

काम आलं साताऱ्याचं. गावच्या पाण्याच्या नळांची ड्रॉइंगं तिथल्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीनं कॅड नावाच्या संगणकी प्रोग्राममध्ये काढून ठेवली होती. ती नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायची, म्हणजे नळ जमिनीत जिथं पुरलाय तिथंच नकाशावर दिसला पाहिजे. धवलसर म्हणाले, "फाइल उघडायची, आत घ्यायची. दोन दिवसांचं काम." ज्यानं स्वतः कधी केलं नाही त्याला सगळंच दोन दिवसांचं दिसतं.

पहिल्यांदा फाइल आत घेतली आणि सातारा गायब. शोधता शोधता मदनचे डोळे लाल झाले. ड्रॉइंग काढणाऱ्यानं कागदाच्या कोपऱ्याला शून्य धरलं होतं. सॉफ्टवेअरला काय त्याचं? जगाची मोजणी जिथून सुरू होते तिथं, भर समुद्रात, त्यानं अख्खं गाव नेऊन ठेवलं. दुसऱ्यांदा नळ आले, पण मराठीत लिहिलेली सगळी नावं गेली आणि जागोजागी उंदरानं कुरतडल्यासारखी चिन्हं उमटली. संगणक अडखळायला लागला म्हणून मदननं ड्रॉइंगभोवतीची चौकट, कोपऱ्यातले तक्ते, शिक्के, सगळं कचरा म्हणून पुसून टाकलं. धवलसर दर तासाला मागं येऊन उभे राहत आणि विचारत, "अजून?" मदनला त्या एका शब्दानं हळदीचा वास यायचा.

शेवटी त्याला दोन टाक्या सापडल्या. ड्रॉइंगवर दोन मोठे गोल, एक वर, एक खाली. गावाच्या मूळ नकाशावरही दोन टाक्या, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. वरची उत्तरेच्या टाकीवर ठेवली, खालची दक्षिणेच्या. दोन्हींतलं अंतर तंतोतंत जुळलं. गावाची हद्दही अंड्यासारखी, नळांचं जाळं तीत ऐसपैस बसलं. मदन खुर्चीवरून उठून नाचला म्हणतात. नाचला असेल.

नकाशा साताऱ्याच्या कचेरीत दाखवायचा होता. आदल्या दिवशी धवलसरांच्या गाडीत गादी घालून तिच्यावर संगणक निजवून आणला आणि मदन मावशीकडे मुक्कामाला आला. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली. मग त्यानं मोठ्या ऐटीत छापील नकाशा पलंगावर पसरला.

मावशीनं चष्मा लावला. "ही टाकी कुठली?"

"उत्तरेची."

"तिच्या अंगाची ही तीन वळणं दिसतात ना, ती आमची गल्ली. आमची गल्ली किल्ल्याला टेकलेली आहे, मदन. किल्ला दक्षिणेला. कॉलेजात भूगोल घेतला होता मी, आणि तीस वर्षं याच गल्लीत चढतेय."

"अगं, पण अंतर जुळलंय!"

"उलटं निजवलं तरी माणूस तेवढाच लांब भरतो."

सकाळी मदन उठला तो थेट ड्रॉइंग काढणाऱ्या कोंडीबा साळुंख्यांच्या दारात. ते दात घासत होते.

"साळुंखेसाहेब, तुमच्या ड्रॉइंगमध्ये वर काय आहे?"

"वर? वर किल्ला! साताऱ्यात वर म्हंजे किल्ला, आनि काय?"

"अहो, साऱ्या जगात वर म्हणजे उत्तर असते!"

"मग जगानं हितं यिऊन चढून बघावं. आमच्या कचेरीत पहिल्यापास्नं किल्ला वरच काढत्यात. आनि बाण दावलाय की चौकटीत, उत्तर खाली म्हनून. बघितला न्हाईस व्हय रं?"

ती चौकट मदननं स्वतःच्या हातानं पुसली होती.

कचेरीत जाऊन त्यानं टाक्यांची अदलाबदल केली आणि मोठ्या रस्त्यांची गेलेली नावं पुन्हा लिहिली. ते यंत्र असं रडतरखडत चालायचं की एकेक नळ जणू कुणी खांद्यावरून वाहून आणतोय. अकराला कचेरीचे साहेब धवलसरांना घेऊन आत आले तेव्हा शेवटची गल्ली जागेवर बसत होती. तिथंच छापून काढलेला नकाशा आता बरोबर होता. पहिल्यांदाच बरोबर होता.

साहेबांनी मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे. "किल्ला खाली कसा?"

"सर, उत्तर वर आहे," मदन म्हणाला.

"उत्तर असू दे. हे उलटं आहे. आमच्या माणसांना कळणार नाही. काय हो साळुंखे?"

"उलटंच हाय की, साहेब," कोंडीबा म्हणाले आणि मदनकडे बघून हसले.

मदननं तावातावानं छापील कागद उचलून टेबलावर फिरवला. "घ्या, किल्ला वर."

"आता अक्षरं उलटी झाली," साहेब म्हणाले.

मदनच्या तोंडात जे आलं होतं ते इथं लिहिता येत नाही. ते बाहेर पडायच्या आत धवलसर मधे पडले. "फिरवून देऊ, साहेब. नावं सुलटी, किल्ला वर. हा आमचा मदन करील. आमचा कायमचा माणूस आहे."

असा मदन कायम झाला. चुकलेल्या नकाशामुळे नाही आणि दुरुस्त केलेल्यामुळे तर नाहीच. पाडव्याला तो पेढीवर गेला नाही. बाळासो आठवडाभर धुसफुसले, नंतर पाहुण्यांना सांगायला लागले, "आमचा मदन सातारा फिरवतो." फिरवतच होता. साताऱ्याचा प्रत्येक कागद तो दोनदा काढायचा, एक जगासाठी आणि एक कचेरीसाठी, आणि दर वेळी दात खायचा.

कचेरीतल्या त्या दिवशी सांगलीला निघताना मावशीनं त्याला एकच काम सांगितलं होतं. गल्लीतलं पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह डांबराखाली गेलाय. दर उन्हाळ्यात नळवाले येतात, तीन ठिकाणी खणतात आणि हात हलवत जातात. तुझ्या नकाशात तो कुठं दिसतो तेवढं बघ आणि येऊन खडूनं फुली मार.

"पुढच्या खेपेला नक्की, मावशी," मदन म्हणाला आणि गाडीत बसला.

खेपा पुष्कळ झाल्या. कचेरीत आला, चहा पिऊन परस्पर सांगलीला गेला. रस्ता दोनदा डांबरला, नळवाले परवाही येऊन खणून गेले. फुली काही कुणी मारलेली नाही.