उभं राहायचं टेबल

मणक्यातली गादी सरकली तेव्हा डॉक्टरांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. वाकायचं नाही, आणि तासन्‌तास बसायचं नाही. वाकणं मी आनंदाने सोडलं. बसणं कसं सोडणार? मी कारखान्यांच्या शेडचं छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांचे नकाशे काढते, पुण्यातल्या ऑफिससाठी, रत्नागिरीतल्या घरी बसून. ऑफिसने महिनाभराची सुट्टी दिली आणि पुढे जमत नसेल तर तसं कळवा, असं गोड शब्दांत लिहिलं. ही नोकरी गेली तर इथे तशी दुसरी मिळणार नव्हती, आणि ते काम मला मनापासून आवडतं.

म्हणून उभं राहून काम करायचं टेबल मागवलं. पाय ऑनलाइन आले, बटण दाबलं की वरखाली होणारे. वरची फळी मात्र मी हौसेने इथल्या सुताराकडून फणसाची करून घेतली, आणि तिथेच शहाणपण नडलं. सोबत मागवलेल्या मोठ्या मॉनिटरला पेलणारा आर्म टेबलाच्या कडेला क्लॅम्पने आवळायचा असतो. क्लॅम्प जेवढा उघडत होता त्याहून फळी जाड. भिंतीत बसवावा, तर आमच्या भिंती जांभ्याच्या; स्क्रू नुसता फिरतो आणि लाल भुगा सांडत बाहेर येतो. शेवटी सुताराला परत बोलावलं. "एवढी चांगली फळी कोरायची?" असं तीनदा विचारून त्याने खालून खाच मारली.

नवरा जयगडच्या बंदरात पाळीत काम करतो. त्या दिवशी त्याला सुट्टी होती म्हणून मॉनिटर धरायला माणूस मिळाला. खोक्यातून निघालेला पडदा जवळजवळ दोन हात रुंद होता, आणि दोन्ही टोकांना किंचित आत वळलेला. सासूबाईंनी चष्मा लावला, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि निकाल दिला, "वाकलाय गो ह्यो. परत पाठव."

"तसाच असतो, आई," नवरा म्हणाला.

"पैशे देऊन वाकडा?" असं म्हणून त्या आत गेल्या.

एवढं धूड मावेल अशी जागा फक्त बाहेरच्या खोलीत होती, दाराच्या अगदी समोर. टेबल कोपराच्या उंचीला आणलं, पडदा डोळ्यांच्या रेषेत घेतला आणि एक जुना नकाशा उघडून पाहिला. अख्खी कैची, या टोकापासून त्या टोकापर्यंत, न सरकवता एका नजरेत दिसली. तासभर काम केलं तरी पाठ दुखली नाही. मला रडूच आलं.

सासूबाईंना मात्र ते बघवेना. अर्ध्या अर्ध्या तासाने त्या खुर्ची आणून माझ्या गुडघ्यांमागे लावायच्या. "उशी ठेवलीय, बस जरा." फाटक वाजलं की हातातलं काम टाकून धावत यायच्या, "बस, बस, कोनतरी येतंय." आठवडाभर मी सोसलं. मग एका सकाळी माझं डोकं फिरलं. "आई, मला उभंच राहायचंय. लोक काय म्हणतील ते म्हणू देत!" त्या खुर्ची उचलून आत घेऊन गेल्या. आपण जिंकलो असं मला वाटलं, आणि बरंही वाटलं.

पुढच्या आठवड्यात सासूबाईंच्या मोठ्या जाऊबाई डॉक्टरला दाखवायला गावाहून आल्या. आम्ही त्यांना मोठी आई म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे, पण आवाज खणखणीत. त्या दिवाणावर टेकल्या, सासूबाईंनी चहा दिला. पहिला घोट घेऊन मोठ्या आईंनी टेबलाशी उभं राहून काम करणाऱ्या माझ्याकडे पाहिलं.

"सुनेला उभी करून ठेवलंस व्हय गो? बसायला पन देत नाय?"

मी मणक्याची कथा सांगणार होते, पण सासूबाई आधी बोलल्या.

"तिला कोनी उभी नाय केलेली, वयनी. तिला पायजे म्हनून ती उभी हाय. मना तुमी उभी ठेवलेलीत. पोटुशी होते तरी तुमचं जेवान होईस्तवर भिंतीला टेकाय पन दिलं नायत."

आवाज चढला नव्हता. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी हे कधी ऐकलं नव्हतं. आपल्या घरात सून उभी राहणार नाही, एवढं त्यांनी तेव्हाच मनाशी ठरवलं असणार, आणि मी त्यांना लोकांना भिणारी बाई समजले होते. मला स्वतःची लाज वाटली.

मोठ्या आईंनी कप खाली ठेवला. मग दिवाणावर थोड्या सरकल्या आणि बाजूची चादर हाताने सारखी केली.

"ये. बस हितं," त्या सासूबाईंना म्हणाल्या.

सासूबाईंच्या हातात अजून ट्रे होता. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, चहा दिल्यापासून त्यादेखील उभ्याच होत्या.

त्या बसल्या नाहीत. ट्रे माझ्या टेबलावर ठेवून त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "चालू दे तुझं," मला म्हणाल्या, आणि मोठ्या आईंचा चहा संपेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.