चांगदेव तोलारांचे तांबारलेले डोळे

मंचरच्या बाजार आवारात कांद्याची गोणी काट्यावर चढली की चांगदेवांचा शब्द शेवटचा. त्यांनी उभ्या हयातीत मापात खोट केली नाही आणि दारूच्या थेंबाला कधी बोट लावले नाही. तरीही गेली काही वर्षे त्यांचा चेहरा लालबुंद दिसे, डोळे तांबारलेले असत आणि दुपारी काट्यापाशी उभ्या उभ्या झोक जाई. एवढ्या पुराव्यावर आवाराने निकाल देऊन टाकला.

"काय तोलार, आज सकाळचीच का?" हमाल विचारीत.

चांगदेवांनी आरंभी शपथा घेतल्या. शपथा घेणारा अधिकच दारुडा ठरतो हे ध्यानात आल्यावर ते गप्प राहू लागले. कढत पाण्याने अंघोळ केली की अंगाला असह्य खाज सुटे, तेही त्यांनी कुणाला सांगितले नाही.

अशातच त्यांच्या मुलीचे, तेजस्विनीचे लग्न जुन्नरच्या एका सुस्थितीतल्या घरात ठरले. सुपारी फुटली त्या दिवशी मुलाचे मामा बाळासाहेब चांगदेवांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "घेता थोडी, त्यात काय पावणं? आमच्यात बी घेत्यात."

तो अपमान चांगदेवांनी मुलीच्या सुखासाठी गिळला.

पुढे एकदा ते काट्यापाशीच कोसळले, तेव्हा तेजस्विनीने त्यांना पुण्याला नेले. रक्त भलतेच दाट निघाले. जनुकांची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी उलगडा केला. अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आत जिथे रक्त तयार होते तिथे, एका जनुकात उतारवयात बदल घडला होता. त्यामुळे तांबड्या पेशी बेसुमार वाढत होत्या; लाल चेहरा, झोक आणि खाज त्यातूनच. आजार आता आयुष्यभराचा सोबती, पण वेळोवेळी रक्त काढून आणि गोळ्या घेऊन ताब्यात राहणारा.

"हा बदल वडिलांकडून आलेला नाही आणि मुलीकडे जाणार नाही," असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

आजार कळल्याचा आनंद चांगदेवांइतका क्वचितच कुणाला झाला असेल. आपण दारुडे नाही, हे आता शास्त्र सांगत होते! त्यांनी ते आवारभर, गाळ्यागाळ्यांतून सांगितले.

आठवडा उलटण्याच्या आत बाळासाहेब दारात उभे.

"जनुकाचं हाय म्हनं. पोरीची तपासणी करून आणा, मग बघू."

"डॉक्टर म्हनले, पोरीचा काय संबंध न्हाई."

"डॉक्टरचं काय जातंय? नातवंडं आमच्या घरात खेळणार." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "गावभर कशाला सांगत सुटलात राव? पितो म्हनला असता, तर कुणी काय बोललं नसतं."

चांगदेवांच्या कानशिलाच्या शिरा तटतटल्या. न केलेले पाप या माणसाने हसत पोटात घातले होते, आणि ज्यात कुणाचाच दोष नाही त्याची शिक्षा तो निरपराध मुलीला देत होता! तरीही क्षणभर मनात आले, करून टाकावी तपासणी. घर चांगले होते.

तेवढ्यात तेजस्विनी चहा घेऊन बाहेर आली. "मामा, तुमचा भाचा काय म्हनतो?"

"तो आमच्या शब्दाबाहेर न्हाई."

"मंग माझं लगीन त्याच्याशी लागणार व्हतं, का तुमच्याशी?"

चांगदेवांनी मुलीकडे पाहिले आणि ते उठले.

"चहा घ्या आणि निघा. तोलारानं सोयरीक मोडली म्हनून सांगा. पिऊन मोडली म्हनलात तरी चालंल."